कायटोसानची फिल्म, वांग्याचं एन्झाइम: प्रोजेक्टच्या नोंदी

१६ जून, सोमवार

सरांनी विषय एकदाचा मान्य केला. काचेच्या स्लाइडवर कायटोसानचा (कोळंबीच्या सालांपासून मिळणाऱ्या पदार्थाचा) पातळ थर द्यायचा आणि टायरोसिनेज एन्झाइम वापरून त्या थराची केमिस्ट्री बदलायची, बस एवढंच. कागदावर तर फारच सोपं वाटतंय: एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन कॅटेकॉल नावाच्या फिनॉलचं ऑर्थो-क्विनोन करतं, ते क्विनोन भुकेलेलं असतं आणि कायटोसानच्या अमिनो गटाला जाऊन चिकटतं, पुढचं सगळं आपोआप. कडक केमिकल नाही, गरम करणं नाही, सगळं पाण्यात आणि रूम टेंपरेचरला.

एन्झाइमचा भाव बघितला आणि गप्प बसले. मशरूमचं शुद्ध टायरोसिनेज आमच्या डिपार्टमेंटला परवडणारं नाही. पण वांगं चिरून ठेवलं की दहा मिनिटांत काळं पडतं, ते हेच एन्झाइम घराणं, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. आई केळफूल चिरून ताकाच्या पाण्यात टाकते तेही ह्याच्यामुळेच, ताकाच्या आंबटपणाने पीएच खाली जातो आणि एन्झाइम सुस्तावतं. म्हणजे ह्या एन्झाइमला थांबवायचं कसं हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत आहे, मला ते चालवायचं आहे.

१८ जून

कायटोसान विकतचं मागवलंय, पण सर म्हणाले एक बॅच स्वतः कर, नाहीतर व्हायवाला कोणी विचारलं की बोलती बंद. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे ट्रॉलर बंद आहेत, पण खाडीतली सुंगटं (कोळंबी) मिळतात, बाजारात साफ करून देणाऱ्या मावशींकडून पिशवीभर सालं फुकटात आणली. आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड (चुना विरघळतो, कार्बन डायऑक्साइडचा नुसता फेस), मग पातळ कॉस्टिक सोडा (प्रोटीन जातं), मग ५० टक्के कॉस्टिकमध्ये गरम, म्हणजे सालातल्या कायटिनचं कायटोसान. वास तीन मजले गेला. लॅबचे मामा दारात येऊन म्हणाले, "गो बाय, सुंगटांची सालां लॅबात कित्याक?" मी म्हटलं काचेला लावायची आहेत. मामांनी पुढे काही विचारलं नाही, खिडकी तेवढी उघडून गेले.

२४ जून

स्पिन कोटर (स्लाइड गरगर फिरवून पातळ थर देणारं मशीन) नाही. कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा फॅन, मधल्या गोल भागावर डबल टेप, त्यावर स्लाइडचा कापलेला तुकडा, बाजूने आइस्क्रीमचा डबा. चालतोय! आणि १२ व्होल्ट असल्याने लाइट गेली तरी बॅटरीवर फिरतो, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात महागड्या मशीनपेक्षा बरंच.

एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये एक टक्का कायटोसान, रात्रभर ढवळून, कापडातून गाळून. थर बसला की एक नॉर्मल कॉस्टिकमध्ये पाच मिनिटं बुडवायचा, नाहीतर तो अजून ॲसिटेट मीठच असतो आणि पाण्यात टाकला की गेला. तर ह्या कॉस्टिकमध्येच पहिल्या सहाच्या सहा फिल्म काचेवरून सुटून दुधावरच्या सायीसारख्या तरंगायला लागल्या.

२७ जून

कारण दोन निघाली. एक, स्लाइड नीट धुतलेल्या नव्हत्या, नव्या पाकिटातल्या म्हणजे स्वच्छ असा माझा गोड गैरसमज. आता साबण, मग अल्कोहोलिक केओएच, मग भरपूर डिस्टिल्ड वॉटर, पाणी थेंबांत न फुटता काचेवर सपाट पसरलं पाहिजे, तोवर काच स्वच्छ नाही. दुसरं, थर जाड होता, जाड थर फुगला की ताण येतो आणि कडेने उचलतो. अर्धा टक्का द्रावण घेतलं तेव्हा चिकटून राहिला.

फक्त आता फिल्म दिसतच नाही. कायटोसानचा वक्रीभवनांक १.५३ च्या आसपास आणि काचेचा १.५२, त्यामुळे काचेवर ती जवळजवळ अदृश्य. कुठली बाजू कोटिंगची हे कळायला कोपऱ्यात डायमंड पेन्सिलने खूण करायला लागले, त्याआधी दोन स्लाइड उलट्या बाजूने वापरून झाल्या होत्या हे इथेच कबूल करते.

३ जुलै, गुरुवार

पहिला खरा प्रयोग. वांग्याचा रस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटून गाळला, पीएच ७.५ चा फॉस्फेट बफर, कॅटेकॉल १० मिलिमोलर, चार तास. फिल्म मस्त तांबूस-तपकिरी झाल्या, चहाच्या डागासारख्या. मी आनंदात फोटो काढले, प्रोजेक्ट पार्टनरला पाठवले, ग्रुपवर पण टाकले.

मग तुलनेसाठी ठेवलेला कंट्रोल बाहेर काढला. दहा मिनिटं उकळून मारलेला रस घातलेली स्लाइड. ती पण तपकिरी. थोडी फिकी, पण तपकिरीच. सर बघून फक्त "हं" म्हणाले. ते "हं" मला माहीत आहे.

५ जुलै

दोन दिवस विचार करून सुचलं ते असं की रंग बघून काही कळणार नाही, विरघळतं का ते बघायचं. कायटोसान एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये सरळ विरघळतं. क्विनोन नुसतं वर बसलं असेल तर फिल्म त्याच्यासकट वाहून जाईल, पण क्विनोन अमिनो गटांना जोडलं गेलं असेल आणि साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या असतील तर फिल्म फुगेल पण जाणार नाही.

साधी फिल्म: दोन मिनिटांत साफ. एन्झाइमवाली: तासभर ठेवली, जागची हलली नाही, बोटाने हलकंच घासलं तर बुळबुळीत लागते. आणि उकळलेल्या रसाची? अर्धी गेली, अर्धी चिंध्यांसारखी काचेला लटकून राहिली. म्हणजे मेलेल्या एन्झाइमने पण अर्धं काम केलं की काय?

नाही. चूक माझ्या बफरमध्ये आहे. कॅटेकॉल अल्कलीकडे गेलं की एन्झाइमशिवाय, हवेनेच ऑक्सिडाइज होतं, ७.५ ला हळू पण होतंच, आणि ते क्विनोन काय एन्झाइमचं सर्टिफिकेट दाखवून चिकटत नाही. वर वांग्याच्या रसात स्वतःचं क्लोरोजेनिक ॲसिड असतंच, वाटतानाच त्याचं ऑक्सिडेशन सुरू, म्हणजे रस उकळण्याआधीच त्यात क्विनोन आणि त्यांचा तपकिरी गाळ तयार.

८ जुलै

रस बंद, ॲसिटोन पावडर सुरू. वांगं थंडगार ॲसिटोनमध्ये वाटायचं, गाळायचं, परत थंड ॲसिटोनने धुवायचं, फिनॉल आणि पाणी ॲसिटोनबरोबर निघून जातं आणि एन्झाइम पांढरट भुकटीत राहतं. लागेल तशी भुकटी बफरमध्ये ढवळायची.

(मी मिक्सर काढला होता. सरांनी लांबूनच ओरडून थांबवलं. मिक्सरच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि वर ॲसिटोनची वाफ, लॅबच गेली असती. खलबत्ता वापरला, हात दुखले, जिवंत आहे.)

पार्टनर म्हणाली व्हिटॅमिन सी घालून वाट, काळं पडणार नाही. खरंय, नाही पडणार, पण ते क्विनोनला परत कॅटेकॉल करून टाकतं, म्हणजे उरलेलं व्हिटॅमिन सी माझी रिॲक्शनच खाऊन टाकेल. नको.

१५ जुलै

काल रात्रीपासून लाइट नाही, आज दुपारी आली. कुठे तरी झाड पडलं म्हणे तारांवर. फ्रिजमधलं बनवून ठेवलेलं एक्स्ट्रॅक्ट आंबूस वास मारतंय, कॅटेकॉल घातलं तर ४२० नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग जागचं हलेना, म्हणजे एन्झाइम मेलं. पण सुकी पावडर डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) होती, ती ठणठणीत. ॲसिटोनचे हात दुखणे वसूल. यापुढे एक्स्ट्रॅक्ट फक्त त्या दिवसापुरतं.

१९ जुलै

आज चुकून सगळ्यात चांगली गोष्ट सापडली. कॉप्लिन जारमध्ये (स्लाइड उभ्या ठेवायच्या खाचांच्या बरणीत) दोन स्लाइड खाचेतून निसटून तोंडाला तोंड लावून चिकटल्या होत्या, चार तास तशाच. सोडवल्या तर कडेने तपकिरी चौकट आणि मधोमध बदामाच्या आकाराचा स्वच्छ डाग, दोन्हीवर आरशातल्यासारखा सारखाच. त्या फटीत नवीन ऑक्सिजन पोचला नाही, एन्झाइम पण फारसं शिरलं नाही, द्रावणात होता तेवढा ऑक्सिजन वापरून रिॲक्शन तिथेच थांबली. ॲसिडमध्ये टाकल्या तर मधला बदाम विरघळून गेला आणि तपकिरी चौकट काचेवर राहिली! एकाच स्लाइडवर प्रयोग आणि कंट्रोल, शेजारी शेजारी, मी ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

मग वाटलं हेच मुद्दाम करूया. कोटिंग झालेल्या स्लाइडवर कव्हर स्लिपचा तुकडा घट्ट बसवून एन्झाइममध्ये ठेवली. चौकोन उमटला, पण कडा पसरट, क्विनोन खालून सरकतं बहुतेक. उद्या चिकटपट्टीने करून बघते.

२२ जुलै

चिकटपट्टी काढताना फिल्मच घेऊन आली. तो विषय बंद.

मामांनी आज सिंकखालून पांढरं झुरळ काढून काचेच्या बाटलीत आणून दिलं, "ह्यां बघ, रोगट दिसता." रोगट नाही, नुकतंच कात टाकलेलं. बाटली टेबलावर ठेवली, संध्याकाळी निघताना बघितलं तर नेहमीसारखं तपकिरी. मामांना दाखवलं तर म्हणाले, "आता बघ, तांबडां झालां, मघाशी भूत व्हतां." झुरळाचं नवं कवच मऊ आणि पांढरं असतं, मग फिनॉलपासून क्विनोन होतात आणि कवचातल्या प्रोटीनना एकमेकांशी बांधतात, कवच कडक आणि तपकिरी होतं. माझ्या स्लाइडवर पण साधारण तेच चाललंय, फक्त झुरळाच्या जागी सुंगटाचं साल आणि वांगं. खडकाला धरून बसलेले शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) पण ह्याच कुटुंबातले, त्यांच्या धाग्यांच्या प्रोटीनमध्ये डोपा असतो, तोही कॅटेकॉलचाच भाऊ, म्हणून भर लाटेत सुटत नाहीत.

बाटलीतलं झुरळ सोडलं नाही हे सांगायला नको.

२८ जुलै

पीएचची पूर्ण रांग लावली, प्रत्येकाबरोबर उकळलेला कंट्रोल. ५.५ ला काहीच हाती लागलं नाही, फिल्मच फुगून सुटायला लागली, कारण कायटोसानचा पीकेए ६.३-६.५ च्या घरात, त्याच्या खाली अमिनो गटांवर प्रोटॉन बसतो आणि साखळ्या एकमेकींना ढकलतात. शिवाय प्रोटॉन बसलेला अमिनो गट क्विनोनवर हल्ला करत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार. ६ ला फिकट. ६.५ आणि ७ ला छान तपकिरी आणि उकळलेले कंट्रोल जवळजवळ स्वच्छ, ॲसिडमध्ये ते पाच मिनिटांच्या आत गायब. ७.५ ला परत कंट्रोल तपकिरी, तीच जुनी कहाणी. म्हणजे एन्झाइमला, अमिनो गटाला आणि कॅटेकॉलला तिघांनाही चालेल अशी जागा फक्त अर्ध्या पीएचएवढी आहे. आता कायम ६.५.

निनहायड्रिन पण करून बघितलं. साधी फिल्म जांभळी, मोकळे अमिनो गट आहेत. बदललेल्या फिल्मवर जांभळा कमी दिसतो, पण खाली तपकिरी असताना जांभळं किती हे डोळ्याने सांगणं म्हणजे अंदाजपंचे, म्हणून आकडा लिहित नाही. पार्टनरला लिहायचा होता. आमचं त्यावरून जरा वाजलं.

६ ऑगस्ट, बुधवार

मुंबईला गेलेल्या एका सीनियरने सिलिकॉन वेफरचे फुटके तुकडे पाठवले, नखाएवढे. जादू आहे नुसती. काचेवर न दिसणारी फिल्म सिलिकॉनवर रंगीत दिसते, पाण्यावरच्या तेलासारखी, कारण सिलिकॉनचा वक्रीभवनांक खूप जास्त आहे, वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळून काही रंग कापतो. साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपास जांभळा, अजून थोडा जाड झाला की निळा. म्हणजे मोजपट्टीच मिळाली, तीही फुकट.

माझा तुकडा वांग्याच्या जांभळ्या रंगाचा आला (योगायोग, पण बरं वाटलं). त्याच्यावर "हा" करून तोंडाची वाफ सोडली, तर जांभळ्याचा क्षणात निळा, निळ्याचा फिका निळा, आणि वाफ उडाली तशी उलट्या क्रमाने परत जांभळा. फिल्म पाणी पिऊन फुगते आणि सोडून बसते. अर्धा तास मी फक्त "हा" करत बसले होते, मामा दोनदा डोकावून गेले.

ह्यात एक गोम आहे. बाहेर धो धो पाऊस, हवेत पाणीच पाणी, तुकडा टेबलावर नुसता ठेवला तरी सकाळचा आणि दुपारचा रंग एक नाही. म्हणून नियम: सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये रात्रभर, बाहेर काढल्यावर लगेच फोटो, एकाच ट्यूबलाइटखाली. सिलिका जेल निळं आहे तोवरच, गुलाबी झालं की ओव्हनमध्ये. आठवड्यात तीनदा भाजावं लागतंय.

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेची सुट्टी संपवून आले. सरांनी जाता जाता विचारलं होतं ते डोक्यात घुमत होतं: "अगं, एन्झाइम फिल्मला हात तरी लावतं का?"

एन्झाइम केवढं मोठं, ते फिल्मच्या आत शिरत नाही. ते बाहेर द्रावणात क्विनोन बनवतं आणि लहानसं क्विनोन आत जातं, असं असेल तर एन्झाइम आणि फिल्म एकमेकांना भेटायचीही गरज नाही. तपासायला डायलिसिस ट्यूबिंग घेतलं, त्यातून लहान रेणू जातात पण एन्झाइम अडकतं. पिशवीत एन्झाइम, बाहेर स्लाइड, कॅटेकॉल दोन्हीकडे, ६.५ पीएच. एक स्लाइड पिशवीला अगदी लगटून, दुसरी बीकरच्या दुसऱ्या टोकाला. आणि उकळलेल्या एन्झाइमची पिशवी वेगळ्या बीकरमध्ये.

चार तासांनी: लगटून ठेवलेली स्लाइड पिशवीच्या समोर जिथे होती तिथे उभा तपकिरी पट्टा, नेहमीपेक्षा फिका, पण ॲसिडमध्ये टिकला. लांबची जवळपास कोरी. उकळलेल्या पिशवीशेजारची कोरी. म्हणजे क्विनोन एकटं प्रवास करतं, पण लांबचा नाही, वाटेत पाण्याशी किंवा आपल्याच भावंडांशी रिॲक्ट होऊन संपतं.

सरांना दाखवलं. ते म्हणाले मग टायटलमध्ये "एन्झाइमने" कशाला, "एन्झाइमच्या मदतीने" लिही. खोडलं आणि लिहिलं. छापील फाइलचं पहिलं पान परत प्रिंट करायला लागणार, झेरॉक्सवाल्याचे पाच रुपये.

१९ ऑगस्ट

काठावरची चौकशी. पेट्री डिशमध्ये ओतून जाड फिल्म केली, एका बाजूने एन्झाइम-कॅटेकॉल, नंतर ब्लेडने उभी चिरून कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली. वरच्या कडेला तपकिरी रेघ, खाली पारदर्शक. तासाभराच्या तुकड्यात रेघ बारीक, चार तासांच्यात जाड. ब्लेड बोथट होतं त्यामुळे कडा दातेरी आहेत आणि मायक्रोस्कोपला स्केल नाही, तेव्हा "जाड" आणि "बारीक" एवढंच. स्लाइडवरच्या पातळ थरात मात्र रंग आरपार गेलेला असणार, तिथे सरफेस म्हणजे सगळीच फिल्म.

जाता जाता काजूबद्दल लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कोणाला हवं असेल तर. जपानी लाखेचं झाड आणि आपला काजू एकाच कुळातले. त्या झाडाच्या चिकात उरुशिऑल (लांब शेपटीचा कॅटेकॉलचाच भाऊ) असतं आणि ते वाळवणारं एन्झाइम पण त्याच चिकात, योशिदाने १८८३ मध्ये ते दाखवलं, तेच पुढे लॅकेज म्हणून ओळखलं गेलं. लाखेचा तो थर वाळायला कोरडी नाही, दमट हवा लागते! काजूच्या टरफलाच्या तेलातल्या कार्डानॉलची शेपटी तशीच लांब. आपल्याकडे टरफलं ढिगाने आणि दमट हवा तर विचारूच नका. फक्त ग्लोव्हज घाला, ते तेल कातडी जाळतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती, आज लॅब बंद होणार, सगळी आवराआवर.

सिलिकॉनचे दोन तुकडे शेवटचे केले. दोन्ही एकाच द्रावणातून, दोन्ही जांभळे. एक जिवंत एन्झाइममध्ये, एक उकळलेल्यात, दोन तास, भरपूर धुऊन, रात्रभर डेसिकेटर. उकळलेला जांभळाच राहिला. जिवंतवाला निळा झालाय, कोरड्या हवेतसुद्धा निळा. जाडी वाढली की वक्रीभवनांक वाढला हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही, रंग दोघांच्या गुणाकाराचा असतो, तसं रिपोर्टमध्ये लिहिलंय. पार्टनर म्हणाली सरळ जाडी लिही ना, कोण विचारतंय. मी नाही लिहिली.

मग दोघांवर "हा" केलं. जांभळा पटकन निळा होऊन परत आला, नेहमीसारखा. निळा जरासाच फिका झाला आणि थांबला. बांधलेल्या साखळ्या फुगायला तयार नाहीत. व्हिडिओ काढला, पार्टनरच्या मोबाइलवर आहे, ती आजच गावी जातेय, म्हणून आत्ताच पाठवून घेतला.

तुकडे कागदाच्या पुडीत घालून, वर "थुंकी उडवू नये, फक्त वाफ" असं लिहून सरांच्या टेबलावर ठेवले. मामा किल्ली घेऊन उभे आहेत.